दोन सारखी ताटं

चामोर्शीहून निघालेल्या बसनं गचका दिला, ललिताच्या पिशवीचा बंद तुटला आणि स्टीलचे डबे खणखणत थेट मागच्या सीटपर्यंत गेले. तिथल्या तरुणानं एकेक गोळा करून आणून दिले.

"भांड्याचं दुकान टाकून राह्यल्या काय मॅडम?"

"नाही. लोक काय खातात ते तपासायला आलेय."

"आमच्या गावात भात अन् मासोळी. झाली तपासणी."

ललिता हसली... आणि उगाच डबे पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी, पाहणीसाठी चिठ्ठी काढून निवडलेल्या घराचं दार त्यानंच उघडलं. मिथुन. गावतलावात जाळं टाकायचा; घरात तो आणि त्याची माय देवकाबाई, दोघंच.

मासळीतून माणसाच्या पोटात पारा किती जातो, हे ललिताला शोधायचं होतं. मिथुन जे आणि जेवढं खाईल, तेच आणि तेवढंच दुसऱ्या ताटात वाढायचं. ते ताट डब्यात भरून नागपूरच्या प्रयोगशाळेत जाणार. पाहणी संपेपर्यंत तिनं मात्र त्या घरचा घासही घ्यायचा नाही. पाहुणचार सुरू झाला की रोजचा स्वयंपाक बदलतो.

तो बदललाच. मिथुनच्या ताटात बारीक मासोळी, दुसऱ्यात मरळीचे जाड तुकडे.

"देवकाबाई, दोन्ही सारखी हवीत."

"पाहुणीले बारीक मासोळी कशी वाढू, बाई?"

"ते ताट माझं नाही, डब्याचं आहे."

"माह्या हातचं डब्बा खाईल अन् तू उपाशी राहशीन?" देवकाबाईंचा चेहरा उतरला.

नमुना खोटा गेला तर सगळी मेहनत वाया. आणि देवकाबाईंचं मन तरी कसं मोडायचं?

मिथुननं मरळीचे तुकडे उचलून परत चुलीवरच्या गंजात टाकले. "मरळ बाजारात जाते, माय. आपल्या घरी रोज शिजते काय? मॅडमची नोकरी घालवशीन." मग ललिताकडे बघत हळूच म्हणाला, "काम झाल्यावर खातील ना त्या... नाई का?"

तिनं मान हलवली. डोळ्यांत आलेलं पाणी चुलीच्या धुरावर खपून गेलं.

नंतर तो खाल्लेला घासन् घास तिला सांगू लागला. एकदा तर तलावावरून धावत आला. हातात टेंभराचं अर्धं फळ.

"अर्धं मी खाल्लं. हे डब्याले."

"डब्याचं नशीब चांगलं आहे," ललिता म्हणून गेली. आणि मग दोघांनाही कुठं बघावं कळेना.

शेवटचा डबा बंद झाला. बसला अजून वेळ होता. देवकाबाईंनी पाट मांडला, मरळ पुढे केली.

"नको... यांना वाढलंत तेच वाढा मला."

"काऊन?" मिथुन गोंधळला. "पाहणी तं संपली ना?"

"संपली. पण—" ललितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, "सवय करून घ्यायला हवी ना मला."

मिथुनचा हात ताटातच थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

देवकाबाईंनी एकदा लेकाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. होस्टेलच्या मेसमध्ये वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं वाढून घेणाऱ्या ललितासमोर त्यांनी भात वाढला, वर मरळीचा तुकडा ठेवला, आणि तसाच दुसरा मिथुनच्या ताटात.

"घ्या. झाली दोन्ही सारखी."