साडेतीनशे मीटरचे चोर

“तुम्ही चौघं पंपघरापर्यंत गेलातच नाही! मधूनच वळलात!”

शिबिराचे सर एवढ्या जोरात ओरडले, की क्लबच्या पायऱ्यांवर पाणी पीत बसलेली वीसएक मुलं एकदम गप्प झाली. हे आपल्याबद्दल चाललंय, हे भिंगरीला आधी कळेचना. शेवटच्या तुकडीतून नुकतीच धावत आलेली ती अजून धापा टाकत होती.

“सर, आम्ही पंपघराच्या भिंतीला हात लावून आलो!”

“हो का? मग हे काय?” सरांनी तिचं मनगट धरून घड्याळ सगळ्यांना दाखवलं. “कालव्याच्या कडेनं जाऊन-येऊन बरोबर तीन किलोमीटर. इथे दिसतायत दोन किलोमीटर सहाशे पंचेचाळीस मीटर! उरलेले साडेतीनशे कुठे गेले? कालव्यात बुडाले?”

पायऱ्यांवर हशा पिकला.

“चष्मिसचे दोन सहाशे चाळीस. या जुळ्या बहिणींचेही तेवढेच. ठरवून वळलात, लबाडांनो! बाकी एकाही मुलाचं घड्याळ असं दाखवत नाही. रविवारच्या शर्यतीच्या संघातून चौघांचीही नावं बाद!”

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकी मुलांची घड्याळं घरची होती, नवी, महागडी, थेट उपग्रहाकडून अंतर विचारणारी. या चौघांना मात्र शिबिराच्या कपाटातली जुनी घड्याळं मिळाली होती. म्हणजे ज्यांच्या मनगटावर घरचं घड्याळ, ते सगळे सज्जन, आणि ज्यांच्या मनगटावर शिबिराचं, ते सगळे चोर! वा रे न्याय! वर्षभर पहाटे उठून धावायचं, टाचांना फोड आणायचे आणि निवडीच्या तोंडावर भर सभेत लबाड म्हणवून घ्यायचं!

घरी जाताना जुळ्यांतली थोरली फणफणली. ती धाकटीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी होती आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर रुबाब करत होती.

“मी सरांच्या स्कूटरची हवा सोडणार!”

“सोड, सोड. म्हणजे लबाड तर आहोतच, वर गुंडही होऊ,” धाकटी म्हणाली.

चष्मिस मात्र चालता चालता वही चाळत होता. कुठलाही आकडा दिसला, की तो टिपून ठेवायची त्याला खोडच होती. एकदम तो थबकला.

“थांबा! मंगळवारी आपण दोन किलोमीटर धावलो, घड्याळात सतराशे त्रेसष्ट. गुरुवारी एक किलोमीटर, घड्याळात आठशे ब्याऐंशी. दर वेळी शंभरामागे बारा मीटर गायब! चोर कधी इतका हिशेबी असतो का?”

भिंगरीची आई शिवणकाम करायची. पुढच्याच खोलीत मशीन, कापडांचे ढीग आणि भिंतीला टेकवलेली लांब लोखंडी पट्टी. तोंडातल्या टाचण्या काढून तिनं चौघांचं सगळं ऐकून घेतलं.

“एकदाच विचारते. वळलीस?”

“नाही!”

“मग झालं. आता रडगाणं बंद.” आईनं गळ्यातली फीत हातात घेतली. “ही नवी आहे. जुनीनं माप घेऊन या पट्टीनं कापड बेतलं, तर एका बाईंचा कोट घट्ट झाला. मी म्हटलं, बाईच जाड झाल्या असतील. बोलून बसले असते, तर काय शोभा झाली असती! फीत पट्टीवर धरून बघितली, तर मेली वापरून वापरून ताणली होती. माप चुकलं, की आधी फीत तपासायची, मग गिऱ्हाइकाला बोलायचं.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. फीत तपासायची!

“आपली घड्याळं पावलं मोजतात,” चष्मिस उत्साहानं म्हणाला. “पहिल्या दिवशी प्रत्येकानं ट्रॅकला एक फेरी मारली आणि सरांनी घड्याळात आकडा भरला, चारशे मीटर. त्यावरून घड्याळ आपलं पाऊल किती लांब ते शिकलं.”

“आणि शिकवणी चुकली असेल तर?” भिंगरी म्हणाली. “चला ट्रॅकवर!”

आईची फीत आणि जुळ्यांची सायकल घेऊन चौघं पोहोचले. ट्रॅकवर रंगारीकाका गुडघे टेकून लेनचे आकडे रंगवत होते. त्यांनी मान वर केली.

“तुम्हीच ना ती पोरं? पहिल्या दिवशी माझ्या दोरीच्या बाहेरून पळत होता ती?”

“कसली दोरी, काका?”

“विसरलात? आतल्या सात लेनचा रंग ओला होता, म्हणून मी दोरी बांधली होती. तुमच्या सरांना म्हटलं, दोन दिवस थांबा. ते सावलीत फोन बघत बसले होते. म्हणाले, ‘अहो, फेरी ती फेरी! आठव्या लेनमधून पळू दे!’”

“पण बाहेरची फेरी मोठी असते!” चष्मिस किंचाळला. “चारशे मीटर फक्त सर्वांत आतल्या लेनची असते!”

आता पुरावा हवा होता! सायकलच्या चाकावर खडूनं खूण केली. चाकाचा एक फेरा फितीनं मोजला, दोन मीटर दहा सेंटिमीटर. मग भिंगरीनं सायकल ढकलली आणि जुळ्यांनी मोठमोठ्यानं फेरे मोजले. आतल्या लेनला एकशे साडेनव्वद, म्हणजे चारशे मीटर. आठव्या लेनला दोनशे सोळा.

“चारशे त्रेपन्न मीटर!” चष्मिसनं वहीत गुणाकार करून सांगितलं. “धावलो चारशे त्रेपन्न आणि घड्याळाला सांगितलं चारशे. तेव्हापासून ते बिचारं प्रत्येक पाऊल आखूड मोजतंय!”

“आणि चोर आम्ही!” भिंगरीनं दात-ओठ खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या चिटणीसबाई संघाची यादी वाचायला आल्या. सगळी मुलं जमली होती. भिंगरी सरळ पुढे गेली. तिचा आवाज ठणठणीत होता.

“बाई, यादी वाचण्याआधी मला एक फेरी मारायची आहे. सर्वांत आतल्या लेनमधून. सगळ्यांनी बघा, सरांनी तर नक्कीच!”

“ही काय नाटकं आहेत?” सर गरजले.

“मारू दे की! एका फेरीनं काय बिघडतंय?” बाई म्हणाल्या.

भिंगरी सुटली. चाळीस डोळे तिच्यावर खिळले होते. पूर्ण फेरी मारून ती सरांसमोर थांबली आणि तिनं मनगट पुढे केलं.

“तीनशे त्रेपन्न मीटर. सर, आता मी कुठून वळले?”

कुणी हसलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं, ट्रॅक बघितला, पुन्हा घड्याळ बघितलं. चष्मिसनं वही उघडली आणि दोरीपासून सायकलच्या चाकापर्यंत सगळं सांगितलं. रंगारीकाकांनी लांबूनच हाक दिली, “पोरं खरं सांगतायत! मीच होतो तिथे!”

सरांचा चेहरा उतरला. ते भिंगरीला बाजूला घेऊन पुटपुटले, “चूक झाली गं माझी. तुमची नावं परत घालतो. झालं आता?”

“नाही झालं, सर,” भिंगरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हलली नाही. “लबाड तुम्ही आम्हाला सगळ्यांसमोर म्हणालात. चूकही सगळ्यांसमोरच सांगा.”

क्षणभर वाटलं, सर आता भडकणार. पण ते पायरीवर चढले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मुलांनो, हे चौघं पूर्ण तीन किलोमीटर धावले होते. चुकलो मी, आणि आळ यांच्यावर घेतला. मी त्यांची माफी मागतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काल हसलेल्यांनीच सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या, हे थोरलीनं बरोबर टिपलं. चिटणीसबाईंनी चौघांच्या पाठी थोपटल्या. “शाब्बास! पाय तर तुमचे पळतातच, डोकं त्याहून जोरात पळतं. यापुढे शिबिराची सगळी घड्याळं तुम्हीच तपासायची. आणि सर, तुम्ही यांच्या हाताखाली!”

सर ओशाळून हसले. त्यांनी भिंगरीच्या घड्याळातला जुना आकडा पुसला आणि या वेळी सावलीत न बसता ते स्वतः आतल्या लेनच्या रेषेवर जाऊन उभे राहिले.

“चल, धाव,” ते म्हणाले.

भिंगरीनं डोळे पुसले आणि ती सुसाट सुटली.