काकूंनी आणलेला निरोप

फलकावर लिहिले होते : 'रचना, घटक आणि मूलभूत संज्ञा – सायंकालीन वर्ग, दुसरा मजला.' पुलांचे नकाशे काढणाऱ्या त्या आरेखकाचा यात गैरसमज झाला नसता, तरच नवल. नकाशांची गुंडाळी बगलेत धरून तो मागच्या बाकावर बसला. फळ्यापाशी शिक्षिका कथानकाच्या चढत्या-उतरत्या रेषा काढत होती. त्याने अत्यंत गंभीरपणे हात वर केला.

"मॅडम, या रचनेवर भार नेमका कुठे येतो?"

"कसला भार?"

"मुख्य भार. या टोकावर – की मधल्या खांबावर?"

वर्ग हसला. तिने फळ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "हा साहित्याचा वर्ग आहे. इथे भार बहुधा नायिकेवर येतो."

"मग तिला आधार द्यायला हवा," तो म्हणाला... आणि उठून गेला नाही.

"अरे, हा तर आमच्याच इमारतीतला, वरच्या मजल्यावरचा!" पहिल्या बाकावरच्या काकूंनी जाहीर केले. काकू म्हणजे निवृत्त परिचारिका. आयुष्य रुग्णांच्या उशाशी गेले, आता त्यांना कविता समजून घ्यायची होती. सारा वर्ग त्यांना काकूच म्हणे.

वर्ग सुटल्यावर शिक्षिकेची आणि आरेखकाची बसथांब्यापर्यंतची वाट एकच होती. नसती, तरी त्याने ती तशी आखून घेतली असती. एका संध्याकाळी थांब्याच्या पत्र्यावर सरी वाजत होत्या. छत्री एकच होती, आणि त्याचा एक खांदा मुद्दाम भिजत होता.

"एखादी उपमा द्या पाहू," ती म्हणाली. "हा पाऊस कशासारखा?"

"पाऊस... पावसासारखा."

"ही उपमा झालीच नाही. एखाद्या गोष्टीला तिच्याखेरीज दुसरी तोडच नसली, म्हणजे तो अनन्वय."

"असं होय? मग तुम्ही..." तो अडखळला. "तुम्ही तुमच्यासारख्याच."

बस आली. ती चढली नाही. "ही भलतीकडे जाते," ती म्हणाली. रोज ती त्याच बसने घरी जात असे.

पण त्यापुढचे वाक्य काही त्याच्या तोंडून येईना. इकडे दादाने, तिच्या थोरल्या भावाने, एक स्थळ आणले. मुलगा जहाजावर अभियंता होता, सालस होता, आणि रविवारी उत्तर मागत होता.

"नाही म्हणायला काही कारण आहे का?" दादाने विचारले. "असेल तर सांग. मी घेईन निभावून."

कारण होते. पण ते कारण स्वतः अजून काही बोलले नव्हते... मग तिने तरी कशाच्या बळावर बोलावे?

नेमका त्याच आठवड्यात आरेखक तापाने अंथरुणाला खिळला. फोनवर विचारण्याचा तिला धीर होईना. तिने काकूंना गाठले.

"त्यांना सांगाल? म्हणावं, एक स्थळ आलंय, रविवारी मला होकार द्यायचाय. त्यांना काही... म्हणजे, काही म्हणायचं असलं तर..."

"अगं, मग तूच ये की! चहा टाकते मी."

"नको, काकू. कसं दिसेल ते?"

"दिसायचंय काय त्यात? दोघंही मुलखाचे मुखदुर्बळ!"

काकू जिना चढून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराशी त्यांनी उत्तर आणून दिले. डॉक्टरांचे शब्द बिनचूक पोचवण्यात त्यांची हयात गेली होती. याही वेळी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"तो म्हणाला, 'द्या म्हणावं होकार. मला काय वाईट वाटणार आहे?'"

गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या – अगदी त्याच सुरात.

"एवढंच?"

"एवढंच, बाई. नीट ऐकलंय मी. मग भिंतीकडे तोंड करून झोपला."

रविवारी तिने होकार दिला.

त्यानंतरच्या वर्गात विषय होता वक्रोक्ती. आरेखक आला होता. गालफडे बसलेली, नजर बाकावर. होकाराची बातमी त्याला काकूंकडून कळलीच होती. ती नेहमीपेक्षा सावकाश शिकवत होती.

"शब्द तेच राहतात, पण उच्चारताना स्वर असा वळतो, की अर्थ उलटा होतो. त्या वळलेल्या स्वराला काकू म्हणतात."

"आता माझ्यावर घसरलीस होय गं?" काकू म्हणाल्या, आणि वर्ग खदखदला.

"उदाहरण कोण देईल?"

आरेखक उभा राहिला.

"द्या म्हणावं होकार," तो म्हणाला. "मला – काय – वाईट वाटणार आहे?"

'मला'वर आवाज चढला, आणि 'वाईट'पाशी फाटला.

"म्हणजे वाटणारच आहे!" खिडकीजवळची मुलगी चटकन म्हणाली. "खूप वाटणार आहे!"

काकूंचे पेन थांबले. "अगं बाई..." त्या पुटपुटल्या. "त्या दिवशीही तो असाच बोलला होता. अगदी असाच..."

शिक्षिकेने टेबलाची कड घट्ट धरली. "उदाहरण... बरोबर आहे."

वर्ग रिकामा झाला. काकू दाराशी घुटमळल्या, आणि निघून गेल्या.

"तुम्हांला कळलं नव्हतं?" त्याने विचारले. आवाजातली चीड एकाएकी ओसरली होती.

"शब्द कळले. सूर माझ्यापर्यंत आलाच नाही." ती थांबली. "सरळ 'देऊ नका' म्हणायला काय झालं होतं?"

"कोणत्या हक्काने म्हणू? तुम्ही दुसऱ्याच्या हाती निरोप धाडलात. मला वाटलं, ठरलंच आहे... उगाच रीत म्हणून विचारताय. राग आला."

"आणि मला वाटलं, तुम्हांला काहीच वाटत नाही."

"अजून मोडता येईल," तो हलकेच म्हणाला.

तिने डस्टर उचलून फळा पुसला.

"ज्यांना होकार दिला, त्यांनी मला एकच प्रश्न विचारला – 'मनापासून हो म्हणताय ना?' सरळ विचारलं. मी सरळ हो म्हटलं. त्या माणसाला आता कोणत्या तोंडाने सांगू, की माझ्या 'हो'चा अर्थ 'नाही' असा होता?"

तो दारापर्यंत गेला, आणि मागे वळला.

"सुखी राहा."

ती कान देऊन उभी राहिली. राग, टोमणा, उलटा फिरलेला एखादा स्वर... कशाचीच चाहूल लागली नाही. तो अगदी सरळ बोलला होता.