भुताला हसणारा माणूस

कपाटाचं दार कुरकुरत आपोआप उघडलं आणि अख्खं थिएटर किंचाळलं. अख्खं म्हणजे एकोणीस माणसं. दुपारी तीनचा खेळ, त्यात नवख्या मंडळींनी पदरमोड करून काढलेला भुताच्या घराचा सिनेमा! शेवटच्या रांगेतल्या संकलिकेनं खूश होऊन वहीत खूण केली. सिनेमा तिनंच कापून-जोडून बेतला होता. लोक कुठं दचकतात, कुठं जांभया देतात, हे ती रोज टिपत होती.

तेवढ्यात पुढून कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही… जुना मित्र अचानक भेटावा तसं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मध्यंतरात तिनं त्याला चहाच्या खिडकीपाशी गाठलंच.

"काय हो, भूत बघून हसू येतं तुम्हाला?"

"भूत?" त्यानं चष्मा सावरला. "ते कपाट माझ्या लहानपणापासून तसंच उघडतंय. खाली पुठ्ठ्याची घडी सारावी लागते. तुम्ही सारली नाहीत, इतकंच."

घर त्याचं होतं. आईला जिना झेपेना म्हणून विकलेलं. पाडायच्या आधी महिनाभर ते सिनेमावाल्यांना मिळालं, आणि आता तिथं नुसती सपाट जमीन होती.

"आणि रागावणार नसाल तर… स्वयंपाकघरातला नळ आमच्याकडे कधीच गळत नव्हता. बाबा प्लंबर होते!"

"तो आवाज… माझ्या न्हाणीघरातला आहे," ती ओशाळली.

"मग बाबा असते तर त्यांना आधी तुमच्याकडे पाठवलं असतं."

दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आपलं चष्म्याचं दुकान दुपारी बंदच असतं, म्हणाला. बसला तिच्याच रांगेत, मध्ये एक खुर्ची सोडून. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीही सुटली नाही. अंधारात तो हळूच सांगायचा, "ही खिडकी पावसाळ्यात अडकते… या पायरीवर माझा पहिला दात पडला…" पडद्यावर भुताचा हात यायचा, लोक ओरडायचे, आणि तिला मात्र त्या पायरीवर बसलेला बोळका मुलगा दिसायचा. वहीची पानं कोरीच राहू लागली.

मग दादानं फर्मान काढलं. दिग्दर्शक तिचा सख्खा भाऊच होता. "दुसऱ्या गावांना प्रत जायच्या आधी स्वयंपाकघराचे ते चाळीस सेकंद उडव. काही घडत नाही त्यात. सिनेमा लांबतोय, लोक मोबाइल काढतात."

खोटं नव्हतं ते. रिकामा ओटा, एक स्टूल, सरकत जाणारं ऊन… बस्स.

तिनं त्याला सांगून टाकलं.

"कापा. लोक कंटाळतात, मीही पाहिलंय," म्हणाला आणि हसला. पण नेहमीसारखा नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लोक किंचाळत होते आणि तिचं लक्ष दाराकडे! संध्याकाळी ती दादासमोर उभी राहिली.

"चाळीस सेकंद राहतील. त्याऐवजी माळ्यावरचा पाठलाग कापते."

"अगं, महिना घातलायस त्यात! तुझा जीव की प्राण तो!"

"कापते म्हटलं ना."

दादानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "कोण आहे?"

"…प्रेक्षक," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

सिनेमाच्या शेवटच्या दिवशी तो आला, आईला घेऊन. भुतानं भांडी भिरकावली तशी आई कळवळून म्हणाली, "अगं बाई, केवढा पसारा करून ठेवलाय!" सगळे खो-खो हसले. मग स्वयंपाकघर आलं. ऊन ओट्यावरून सरकलं. आईनं डोळे टिपले… आणि त्या दिवशी कुणीच मोबाइल काढला नाही.

दिवे लागले.

"बहिणीकडून आईला आणायला गेलो होतो," तो पुटपुटला. "कापण्याआधी तिनं एकदा बघावं म्हणून."

"नाही कापणार मी ते."

"पण लोक…?"

"बघतील. नाहीतर नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "खरं सांगू? घर बघायला मी एकदाच आलो होतो. बाकीचे दिवस…"

"बाकीचे दिवस?"

त्यानं चष्मा सावरला.

"मुली, जेवायला येतेस आमच्याकडे?" आईनं मध्येच विचारलं.

"आई! मी विचारणारच होतो!"

"आठवडाभर फोनवरही तू विचारणारच होतास."

"येते," ती म्हणाली. आईला म्हणाली, पण बघत होती त्याच्याकडे.

जिन्याशी आईनं त्याचा हात सोडला. "मला कठडा पुरे," म्हणत ती पुढं झाली. दोन पायऱ्या मागं दोघं तशीच उभी राहिली… आणि मग तिनंच आपणहून त्याचा हात हातात घेतला.