बटर पेपरवर उमटलेलं

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यातली दुपार आहे. भाईंदर पश्चिमेला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझी खोली. खिडकीतून खाडीचा खारट वारा येतोय. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरलीत आणि त्यांवर सात-आठ मुलं पालथी पडून काहीबाही चिकटवतायत. कुणाच्या कोपराला डिंक, कुणाच्या नाकावर चमकीची पूड. मधोमध खळीचं पातेलं. मैद्याची खळ, मी शिजवलेली, झुरळांनी पानं खाऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. त्यामुळे हात धुतल्याशिवाय कुणी चिवड्याला हात लावायचा नाही. आलं सगळं समोर? मग तुम्हीही बसा. पिंटूला थोडं सरकायला सांगा, तो जागा फार अडवतो.

हे १९९१ साल. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सुट्टीत मुलांना आठवणींचे अल्बम करायला शिकवायचो. त्या वर्षी बाजारात नवी टूम होती ती चिकट पानांच्या अल्बमची. वरचं प्लॅस्टिक उचलायचं, फोटो ठेवायचा, दाबायचं, झालं. शिवाय चमचमते स्टिकर, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या, वासाची स्केचपेनं. स्टेशनच्या रस्त्यावरचे दुकानदार मला म्हणाले, "सर, वो काले पन्नेवाला अब कौन लेता है? चिपकू ले जाओ, बच्चे खूश."

तरी मी काळ्या पानांचेच अल्बम घेतले. त्यात फोटोला खळ लागत नाही. चार कागदी कोपरे चिकटवून त्यांत फोटो अडकवायचा आणि वर पातळ बटर पेपर सोडायचा. फोटो शंभर वर्षं राहतो, असं मी मुलांना सांगायचो.

साक्षी नऊ वर्षांची. तिची आई कांताबाई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. साक्षीने बिस्किटांच्या डब्यातून मूठभर चौकोनी फोटो आणले. सगळ्यांत ती एकटीच, दोन वर्षांची.

"सर, यात माझे बाबा नाहीत," ती म्हणाली. "सगळे फोटो त्यांनीच काढलेत ना."

तिचे बाबा, धम्मपाल, ती दोन वर्षांची असताना काविळीने गेले. लग्न साधंच झालेलं, फोटोवाला बोलावला नव्हता. ऑफिसचं ओळखपत्र ऑफिसात जमा झालं. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

"मग दिसायचे कसे?" पिंटूने विचारलं.

"आई म्हणते, माझ्यासारखे."

"म्हणजे दोन वेण्या?"

सगळे हसले. साक्षीसुद्धा हसली. मग कोपऱ्याला खळ लावता लावता म्हणाली, "पण मला एकदा बघायचंय. नुसतं ऐकून तोंड दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ती अल्बम उघडून माझ्याकडे आली. "सर, बटर पेपरला डाग पडला."

राई गावच्या खाडीकाठी फुगा धरून उभी असलेली साक्षी, असा तो फोटो. वरच्या बटर पेपरवर फिकट तपकिरी उमटलं होतं. मी मुलांना समजावलं की फोटो नीट धुतला नसेल तर त्यातलं रसायन उतरतं, हवेत ओल असली की जास्तच. अशा वेळी त्याच फोटोची उलटी छाप पडते.

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. छाप स्पष्ट होती, पण फुगा नव्हता. साक्षीही नव्हती. एक माणूस होता. पोटाशी दोन्ही हातांनी डबा धरलेला, मान खाली घातलेली.

फोटोतली साक्षी ज्याच्याकडे बघत होती, तो.

मी नवा कागद लावला. दुसऱ्या दिवशी त्यावरही तेच. बाकीच्या मुलांचे कागद कोरे.

संध्याकाळी कांताबाई कारखान्यातून परस्पर आल्या. त्यांनी कागद बघितला आणि चप्पल पायात असतानाच वर्तमानपत्रांवर बसल्या.

"भांग बघा सर, उजवीकडे. त्यांचाच. आणि हा रेघांचा शर्ट..." त्यांनी खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली. रेघांच्या कापडाची होती. "उसवून ही शिवली मी."

"पण आई, तोंड कुठाय?"

"त्या डबा कॅमेऱ्यात वरून बघावं लागायचं गं. मान खालीच असायची."

साक्षीने एकेक करून सगळे फोटो लावले. प्रत्येकावरच्या कागदावर बाबा आले. कुठे गुडघ्यावर बसलेले, कुठे पाय फाकून उभे, सगळीकडे मान खाली. मला रात्री नीट झोप लागत नव्हती. मुलांचं मात्र छान चाललं होतं. आल्या आल्या "आज आले का गं काका?" म्हणून विचारायची. पिंटू तर कागदाला हात जोडून "जय भीम काका" म्हणायचा आणि मगच चिवड्याकडे वळायचा. साक्षी रोज कागद तिरपा धरून, खालून वाकून बघायची. जणू खालून बघितलं तर तोंड दिसेल.

शेवटी कांताबाईंना डब्याच्या तळाशी एक वाया गेलेला फोटो सापडला. नुसता हललेला, पांढुरका पट्टा.

"ही पळत सुटली होती," त्या म्हणाल्या. "हिला हाक मारायला त्यांनी मान वर केली, तेवढ्यात बटण दाबलं गेलं."

साक्षीने तो फोटो लावला. "आता दिसतील," म्हणाली. मी म्हणालो, "बाळा, नाही दिसले तर?" ती म्हणाली, "तर नाही. पण सर, उगाच घाबरवू नका ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मुलं अल्बमभोवती दाटीने बसली. साक्षीने पान उलटलं आणि कागद अलगद सोडवून उजेडात धरला.

त्यांनी मान वर केली होती.

गोल नाक. पुढच्या दातांत फट. हसत होते.

साक्षीने स्वतःच्या दातांतली फट जिभेने चाचपली. मग म्हणाली, "माझ्यासारखेच आहेत."

"वेण्या नाहीत पण," पिंटू म्हणाला, आणि सगळी खोली हसली. मीही हसलो.

मग मला त्यांच्या मागचं दिसलं.

मागे खाडी नव्हती. कपाट होतं. माझं कपाट, दारावर मुलांनी चिकटवलेल्या स्टिकरांसकट. या सुट्टीतल्या स्टिकरांसकट.

कपाट आमच्या पाठीशीच होतं.

कुणी मागे वळलं नाही.

कागदावर कॅमेरा एकाच हातात होता. दुसरा हात वर होता, पंजा आडवा, 'जरा सरक' म्हणताना करतात तसा.

साक्षीने कागद खाली ठेवला. ती उठली, कपाटाकडे तोंड करून उभी राहिली, फ्रॉक खाली ओढून सारखा केला आणि थोडीशी डावीकडे सरकली.