ईदनंतरचं विमान

रमजानचा पहिलाच शनिवार होता. सकाळचे नऊ वाजून काही मिनिटं झाली असतील. रुकय्या ड्रेसिंगच्या पट्ट्या कापत उभी होती, आणि दवाखान्याच्या सगळ्या खिडक्या एकदम थरथरल्या. कात्री हातातून सुटून फरशीवर पडली. आवाज कुवेतच्या अमीरांच्या दस्मान राजवाड्याच्या बाजूने, समुद्राकडच्या रस्त्यावरून आला होता. गॅसची टाकी असेल, असं कुणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याचाही त्यावर विश्वास नव्हता.

पंधरा मिनिटांत दवाखान्यात माणसं यायला लागली. फार मोठं कुणाला लागलेलं नव्हतं; काचा लागल्या होत्या. त्यातला तिसरा की चौथा एक उंच, सडपातळ माणूस होता. डावा हात उजव्या हाताने धरून तो आपल्या पाळीची वाट बघत भिंतीशी उभा होता, जणू टपालाच्या रांगेत आहे. रुकय्याने त्याला बसवलं, बाही वर केली आणि चिमट्याने एकेक तुकडा काढायला सुरुवात केली. ती हिंदीत विचारत होती, तो हिंदीत उत्तर देत होता. ऑफिस मागच्याच गल्लीत, पुढची मोठी काच अख्खी आत आली, वगैरे. मग कोपराजवळचा खोल गेलेला तुकडा निघाला, आणि तो डोळे मिटून म्हणाला, "आई आई गं…"

रुकय्याचा हात थांबला. "मराठी?"

"दुखतं तेव्हा मराठीच," तो म्हणाला. "बाकी वेळी जशी गरज पडेल तसं."

तिला हसू आलं, आणि अशा दिवशी हसू आलं म्हणून लगेच ओशाळल्यासारखंही झालं. तिने हात स्वच्छ केला, टाके घातले गेले, पट्टी बांधली. बोटांवरचं लाल मात्र स्पिरिटने घासघासूनही जाईना.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "रक्त नाही ते. तिकिटांचा कार्बन आहे. ट्रॅव्हल एजन्सीत लिहीत बसतो ना दिवसभर. चार वर्षं झाली, जात नाही."

तो सिराज, हर्णैचा. ती श्रीवर्धनची. मध्ये बाणकोटची खाडी तेवढी. पण हे सगळं बोलायला तेव्हा सवड मिळाली नाही, कारण तेवढ्यात बातमी आली. अमीरांच्या गाड्यांच्या ताफ्यावर कुणीतरी बॉम्ब भरलेली मोटार घातली होती. ते वाचले की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दवाखान्यातला फार्मासिस्ट अकबर कराचीचा. त्याने रेडिओ लावला. कुराणपठण चालू होतं. रमजानात ते चालूच असतं, पण बातम्यांची वेळ उलटून गेली तरी बातम्या लागल्या नाहीत, तेव्हा अकबरचा चेहरा उतरला. आपल्या देशात हे त्याने पाहिलं होतं. रेडिओ गप्प झाला की समजायचं, आता लष्कर बोलणार. त्याने हे हळूच सांगितलं, पण ऐकलं सगळ्यांनी. दुपारपर्यंत दहा तोंडांनी दहा गोष्टी आल्या. छावणीतून रणगाडे निघाले. मंत्र्यांना धरलं. विमानतळ बंद. लष्कराचं राज्य आलं तर परदेशी माणसांचं काय करतात, यावर प्रत्येकाकडे एकेक किस्सा होता आणि एकही बरा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी बाराला दवाखाना बंद केला. बस बंद होत्या. रुकय्या दारात उभी राहून विचार करत होती, की आता घरी, खैतानपर्यंत जायचं कसं, आणि समोर एजन्सीची पांढरी व्हॅन घेऊन सिराज उभा.

"मीही खैतानलाच राहतो," तो म्हणाला. "पट्टी बांधणारीला भर उन्हात सोडून गेलो, हे आमच्या आईला कळलं तर—"

"तिला कोण सांगणार?"

"मीच. माझ्या पोटात काही राहत नाही."

चौथ्या रिंगरोडवर सैनिकांनी गाडी थांबवली. मिसरूड फुटलेला एक कोवळा सैनिक, खांद्यावर बंदूक. त्याने सिराजचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, उघडला आणि बराच वेळ मिटलाच नाही. परवाना शहराबाहेरच्या फिंतासमधल्या एका कंत्राटदाराच्या नावावर होता आणि माणूस काम करत होता शहरातल्या ट्रॅव्हल एजन्सीत. अर्धं खैतान असंच राहत होतं. पण अर्धं खैतान त्या घडीला बंदुकीपुढे बसलेलं नव्हतं. सैनिकाने हातावरची पट्टी पाहिली, रुकय्याचा पांढरा युनिफॉर्म पाहिला, आणि कागद परत देऊन जायची खूण केली.

गाडी पुढे निघाली. त्याने दोनदा चुकीचा गिअर टाकला. काचा काढतानाही तो इतका बावरला नव्हता. रुकय्या म्हणाली, "माझं नाव रुकय्या."

"कधीपासून विचारायची हिंमत गोळा करत होतो," तो म्हणाला. "वाचवलीत."

संध्याकाळी अमीर स्वतः टीव्हीवर दिसले. किरकोळ जखमांवर निभावलं होतं. रुकय्याच्या भावाने, अहमदभाईंनी, सुटकेचा मोठा निःश्वास सोडला. पण भीती एकदा घरात शिरली की टीव्ही बघून बाहेर जात नाही. दुसऱ्या दिवसापासून अहमदभाई तांदळाच्या गोणी आणायला लागले. पलंगाखाली दूध पावडरचे डबे, न्हाणीघरात पाण्याचे कॅन. त्यांची बायको फखरुन्निसा म्हणाली, की आता झोपायचं कुठे तेवढं सांगा. ते हसले नाहीत. नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर रोज नवी तारीख फुटत होती. अमुक दिवशी लष्कर उठणार. पंधराव्या रोजाला. सत्ताविसाव्या रोजाला. मग सगळ्यांचं एकमत झालं, की ईदच्या सुमाराला.

आणि या अशा दिवसांत रुकय्या सुखात होती, याचं तिचं तिलाच नवल वाटायचं.

सिराज एक दिवसाआड पट्टी बदलायला यायचा. टाके निघाले. पट्टीची गरज उरली नाही. तरी तो आला.

"आता काय दुखतंय?" तिने विचारलं.

"काही नाही. म्हणूनच काळजी वाटली."

दवाखाना सुटला की व्हॅन कोपऱ्यावर असायची. मे संपून जून लागला होता. गरम वाऱ्याबरोबर बारीक धूळ उडायची आणि समुद्राचा रंग राखेसारखा व्हायचा. तेवढ्या वीस मिनिटांत दोघं बोलत. तो हर्णैच्या बंदरावरच्या लिलावाच्या नकला करायचा, ती दवाखान्यातल्या बायकांच्या. बंडाबद्दल बोलायचं नाही, असं त्यांचं ठरलं नव्हतं. पण बोलायचे नाहीत. तपासणी नाका आला की दोघंही गप्प होत. दर वेळी तो कागद पुढे करायचा, आणि दर वेळी ती श्वास रोखून बसायची.

इकामा नीट का करून घेत नाही, असं तिने एकदा विचारलं. कंत्राटदार नाव सोडायला तयार नव्हता. तुळशीदासकाका, म्हणजे एजन्सीचे मॅनेजर, सावंतवाडीचे, ते त्याच्यामागे लागले होते. ईदनंतर होईल म्हणत होते. सगळंच ईदनंतर होणार होतं.

एका संध्याकाळी ती घरी आली तर जेवणाच्या टेबलावर तिकीट होतं. कुवेत ते मुंबई, ईदनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारचं. अहमदभाईंनी ठरवून टाकलं होतं. भाबी त्यांना सोडून जायला तयार नव्हती. निदान बहिणीने तरी महिनाभर रजा घेऊन घरी जावं. अब्बांना काय तोंड दाखवणार मी, असं ते म्हणाले. मुंबईच्या सगळ्या जागा भरल्या होत्या म्हणे, पण शहरातल्या एका एजन्सीत एक कोकणी पोरगा भेटला. बिचाऱ्याने दोन तास खपून एक जागा काढून दिली.

रुकय्याने तिकीट उघडलं. सिराज दवाखान्याच्या वहीत दर वेळी नाव लिहायचा, तेच हे अक्षर.

दुसऱ्या दिवशी ती व्हॅनमध्ये बसली. खैतानची वळणं दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "जागा नाही, असं सांगता आलं नसतं?"

"आलं असतं."

"मग?"

त्याने गाडी कडेला घेतली. "नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं होतं मी. नाही म्हणणारच होतो… आणि मग वाटलं, उद्या खरंच काही झालं, आणि मी खोटं बोललो म्हणून तुम्ही इथे अडकलात, तर? मला परत पेन हातात धरवलं असतं का?" जरा थांबून म्हणाला, "शुक्रवारला अजून अवकाश आहे. ईदला घरी येतो. भाईंना भेटायचंय."

"कशाला?"

"ईद मुबारक म्हणायला. आणि… आणखी एक काम आहे."

चेहरा दिसू नये म्हणून तिने खिडकीबाहेर बघितलं.

ईदच्या दिवशी तिने हिरवा ड्रेस घातला. भाबी म्हणाली, "काय गो, आज कुणाची वाट?" दुपार झाली. शीरखुर्मा निवला. पाहुणे आले आणि गेले. शहर शांत होतं. लष्कर काही उठलं नव्हतं. सिराज आला नाही.

संध्याकाळी बेल वाजली, पण दारात तुळशीदासकाका होते. पत्ता शोधत आले होते. पाणीसुद्धा न घेता त्यांनी सांगितलं. परवा सकाळी नाक्यावर सिराजला धरलं. बॉम्बच्या प्रकरणानंतर कागद कडक तपासत होते. ज्यांचा परवाना एकीकडे आणि काम दुसरीकडे, त्यांना सरळ देशाबाहेर. कंत्राटदाराने हात वर केले. दोन दिवस काका पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. सुटका होणार नव्हती. सोमवारच्या मुंबईच्या विमानात पोलिसांनी पाच जागा मागितल्या होत्या आणि यादीत त्याचं नाव होतं. त्याने एकच निरोप दिला होता: ईदला येता आलं नाही, माफ करा.

रुकय्या उभी होती ती खुर्चीवर बसली. महिनाभर सगळं खैतान ज्याची वाट बघत होतं ते आलंच नव्हतं. रणगाडा नाही, बंदूक नाही, रेडिओवर कुणाचं भाषण नाही. आणि तरी तिचं घर कोसळलं होतं.

"हा कोण?" अहमदभाईंनी विचारलं. "कुणाची माफी मागतोय?"

"तुम्हाला जागा काढून देणारा, भाई," ती म्हणाली. आणि मग, जे अजून सिराजलाही सांगितलं नव्हतं ते भावाला सांगितलं, "मला त्याच्याशी लग्न करायचंय."

अहमदभाई बोलायला लागले ते थांबेनात. महिन्याची ओळख. पोलिसांनी हाकललेला माणूस, पुन्हा या देशात पाऊल ठेवू शकणार नाही. तिची एवढी चांगली नोकरी. ती ऐकत राहिली. त्यांचं खोटं काहीच नव्हतं. ते दमून थांबले तेव्हा ती तुळशीदासकाकांकडे वळली आणि तिने विचारलं, की तिचं शुक्रवारचं तिकीट सोमवारचं होईल का.

काकांनी आधी अहमदभाईंकडे बघितलं. अहमदभाई पलंगाखालच्या डब्यांकडे बघत होते. मग ते म्हणाले, "मीच पाठवत होतो तिला. दोन-चार दिवस अलीकडे, एवढंच." आणि आत निघून गेले.

सोमवारी दुपारी त्यांनीच तिला विमानतळावर सोडलं. वाटेत एकदाच बोलले. परत येशील का, विचारलं. तिला माहीत नव्हतं, आणि तिने तसंच सांगितलं.

सगळे चढून बसले, तरी विमानाचं दार बंद होईना. लोक कुरकुरायला लागले. मग मागच्या दाराने पोलीस पाच जणांना घेऊन आले आणि शेवटच्या रांगांत बसवू लागले. चौथा सिराज होता. दाढी वाढलेली, हातात प्लॅस्टिकची एक पिशवी. तो मान खाली घालून बसला. आजूबाजूची माणसं वळून बघत होती, म्हणून असेल.

रुकय्या उठली आणि मागे चालत गेली. पोलिसाने हात आडवा धरला. कुठे, आणि हा कोण लागतो तुमचा, असं त्याने अरबीत विचारलं. दवाखान्यातलं तिचं अरबी दुखतं कुठे, ताप किती, एवढंच. पण हा एक शब्द तिला येत होता.

"खतीबी," ती म्हणाली. माझा होणारा नवरा.

सिराजने झटक्यात मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पोलिसाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तो बाजूला झाला. सिराजच्या शेजारची जागा पोलिसांनी मोकळी ठेवली होती. ती तिथे बसली.

"तुम्ही… या विमानात कशा?" त्याने विचारलं. "शुक्रवारचं लिहिलं होतं मी. माझ्या हाताने."

"बदलून घेतलं."

"वेड लागलंय तुम्हाला. माझ्याकडे आता नोकरी नाही, परवाना नाही. ही पिशवी आहे फक्त."

"ते मला दिसतंय. ईदला भाईंशी काय बोलणार होतात, ते सांगा."

दारं बंद झाली. पोलीस उतरून गेले होते. इंजिनांची घरघर सुरू झाली, आणि त्या घरघरीत त्याने इतक्या हळू सांगितलं, की तिला जवळ वाकावं लागलं.

"म्हणणार होतो, तुमच्या बहिणीला सुखात ठेवीन. तेव्हा तसं म्हणता येत होतं."

"मी काय म्हणाले, ते ऐकलंस ना?" ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याला 'अरे-तुरे' करत होती. "मग आता तू म्हण. मराठीत."

"माझी होणारी बायको," त्याने म्हटलं. म्हणताना मधेच त्याला रडू आलं, आणि तिला हसू.

हवाईसुंदरी आली आणि म्हणाली, की उड्डाणाआधी प्रत्येकाने आपापल्या जागेवर जाऊन बसावं. रुकय्याने मान हलवली, आणि होती तिथेच पट्टा बांधला.