बाबांच्या पायाचं खोटं

"नाही हो, यांच्या घरात कुणालाच साखरेचा त्रास नाही!" भावजयीने फोनवर हे इतक्या ठामपणे सांगितलं, की भिंतीपलीकडे शिलाईच्या खोलीत पडलेल्या ताईच्या काळजात चर्रर्र झालं.

घरात साथीचा आजार शिरून सहा दिवस झाले होते. आधी धाकटा भाऊ पडला, दोन दिवसांनी ताई. तो आतल्या खोलीत, ही शिलाईच्या खोलीत, आणि भावजय नऊ वर्षांच्या चिमणीला घेऊन तोंडाला मास्क बांधून स्वयंपाकघरात. दवाखान्यातली नर्स रोज दुपारी फोन करायची. आज तिने धाकट्याचं सगळं नीट लिहून घ्यायला सुरुवात केली होती.

"वय?"

"चव्वेचाळीस."

"रक्तदाब? हृदयाचं, फुप्फुसाचं, किडनीचं काही दुखणं? वजन?"

"वजन आहे थोडं जास्त. सिगारेट होती, पण दोन वर्षांपूर्वी सोडली. बाकी एकदम दणकट माणूस आहे हो! लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, दिवसभर चढउतार असते."

"साखर कधी तपासली होती?"

"तपासायची कशाला? यांचं घराणंच निरोगी. सासरे गेले तेही अपघातानंतर, पाय यंत्रात सापडला होता त्यांचा..."

ताईने डोळे घट्ट मिटून घेतले. पाय यंत्रात सापडला होता! अकरा वर्षांपूर्वी याच घरात, मुलीकडची माणसं बसली असताना धाकट्याने हे वाक्य उच्चारलं होतं, आणि पाण्याचे पेले घेऊन आलेली ताई जागच्या जागी थिजली होती. बाबांचा पाय कुठल्याच यंत्रात सापडला नव्हता. तो साखरेने सडला होता... आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. सतरा वर्षांची ताई पट्ट्या बदलायची, आणि सात वर्षांचा धाकटा दाराआड उभा राहून नाक दाबायचा. बाबा गेले, पाठोपाठ आईही गेली. ताईने गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कात्री हाती घेतली, पुढे कटिंगमास्तर झाली, सगळे तिला मास्तरीण म्हणू लागले. स्वतःच्या लग्नाचा विषय तिने कापडाच्या चिंधीसारखा बाजूला सारला तो कायमचाच.

पाहुणे गेल्यावर धाकट्याने तिचे पाय धरले होते. "ताई, तिच्या मामांनी आधीच विचारलंय, घरात काही दुखणं नाही ना? खरं सांगितलं तर हे लग्न मोडेल गं! तुला माझी शपथ..."

त्याला कुठे ठाऊक होतं, की दोनच दिवसांपूर्वी कारखान्याच्या तपासणीत ताईची स्वतःची साखर सापडली होती! ते सांगायलाच ती संध्याकाळची वाट पाहत होती. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाही सांगणार रे वेड्या. ऊठ." तेव्हापासून गोळ्या आणि साखर मोजायचं यंत्र दोऱ्यांच्या रिळांमागे लपवायचं, बोटाला सुई टोचायची ती दार लावून, आणि गोड पुढे आलं की "दात दुखतो गं" म्हणायचं. भावजय हसून म्हणायची, "ताई, तुमचा तो दात एकदाचा काढून तरी टाका!"

इतकंच असतं तर ताईने स्वतःला क्षमा केली असती. त्याग केला म्हणून मनातल्या मनात जरा मोठेपणाही मिरवला असता! पण तिला जाळत होती ती निराळीच गोष्ट. गेलं वर्षभर ती पाहत होती... धाकटा कामावरून येऊन तांबेच्या तांबे पाणी रिचवतोय, रात्रीतून चार चारदा उठतोय, टाचेला लागलेली जखम महिना महिना भरत नाहीये. ही लक्षणं तिला तोंडपाठ होती. आधी तिने ती बाबांच्या शरीरात पाहिली होती आणि नंतर स्वतःच्या शरीरात अनुभवली होती. तरी ती गप्प राहिली. "तपासून घे" म्हटलं असतं, तर "तुला कसं कळलं?" हा प्रश्न आला असता... आणि त्या एका प्रश्नाच्या लाजेपायी ज्याला लेकरासारखं वाढवलं त्याला तिने तसंच मरणाच्या तोंडी जाऊ दिलं होतं!

"ऑक्सिजन पंच्याण्णव ना? मग घरीच राहू द्या," फोनवरचा आवाज म्हणत होता. "चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच कळवा. धोक्याचं तसं काही दिसत नाही."

त्याच क्षणी आतल्या खोलीतून धाकट्याचा खोल गेलेला आवाज आला, "पाणी... अजून पाणी..."

ताई उठली. रिळं खाली पाडत तिने मागची पिशवी ओढून काढली आणि दार उघडून बाहेर आली.

"फोन ठेवू नकोस!"

"ताई, अहो, बाहेर कशा आलात? चिमणी आहे इथे..."

"फोन ठेवू नकोस म्हणते ना! सांग त्यांना, याच्या बापाला साखर होती. पाय त्यानेच गेला. मलाही आहे, अकरा वर्षं. आणि याची... याची आत्ता बघू."

ताईने आतल्या खोलीत जाऊन धाकट्याचं जडावलेलं बोट हातात घेतलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. चारशे अडतीस! तिने तो आकडा फोनमध्ये ओरडून सांगितला, आणि पलीकडची नर्स म्हणाली, "आत्ताच्या आत्ता आणा. मी गाडी पाठवते."

गाडी येईपर्यंतच्या पंधरा मिनिटांत भावजय एवढंच बोलली, "यांनाही ठाऊक होतं?"

ताईने भिंतीला पाठ टेकली. खरं बोलण्याचं बळ तिने नुकतंच कुठे गोळा केलं होतं... पण धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते विरघळून गेलं.

"नाही," ती म्हणाली. "तो लहान होता. त्याला मीच अपघात म्हणून सांगितलं. सगळं मी लपवलं."

"अकरा वर्षं!" भावजयीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "माझ्या हातचं खात होतात तुम्ही, ताई! रोज त्यांना चार चमचे साखर घालून चहा देत होते मी... माझ्या हाताने! एक शब्द बोलावासा वाटला नाही तुम्हाला?"

ताईने मान खाली घातली.

धाकटा अठरा दिवस रुग्णालयात होता. पहिले नऊ दिवस नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा आणि दिवसातून चार वेळा इन्शुलिन. डॉक्टर फोनवर म्हणाले, "वरून पैलवान, पण साखर बरीच वर्षं आत मुरलेली. त्यात वजन, आणि सिगारेटने थकलेली फुप्फुसं. आजार अशाच माणसांना जास्त जोरात धरतो. बहिणीची साखर मात्र ताब्यात होती, त्या निभावल्या याला तेही एक कारण असावं." ताई निभावली होती! ते ऐकून तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अकरा वर्षं जी गोळी तिने चोरून गिळली, तिच्याबद्दल अर्धा शब्द जरी त्याच्याजवळ बोलली असती...

घरात भावजय तिच्याशी कामापुरतं बोलायची. ताट दाराबाहेर ठेवायची, वेळेवर, गरम, पण न बोलता. त्या गरम ताटाची ताईला जास्त लाज वाटायची.

दहाव्या दिवशी धाकट्याचा मुखवटा काही वेळ काढला आणि त्याने बायकोला फोन लावला. बोलताना त्याला दम लागत होता. फोन झाल्यावर भावजय शिलाईच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"शपथ त्यांनी घातली होती म्हणे तुम्हाला."

ताई हातातल्या कापडाची घडी घालत राहिली.

"त्यांनी सगळं सांगितलं. रडत होते. म्हणाले, ताईला बोलू नकोस, दोषी मी आहे." भावजयीने पदराने नाक पुसलं. "त्या दिवशीही तुम्ही खोटंच बोललात माझ्याशी. कधी थांबणार आहात तुम्ही बहीणभाऊ?"

"रागाव गं मला," ताई पुटपुटली. "हक्क आहे तुझा."

"रागावलेच आहे. बरीच वर्षं रागावणार आहे." मग ती म्हणाली, "आज जेवायला बाहेर या. चिमणी विचारते, आत्या का रुसली म्हणून."

धाकटा घरी आला तो अर्धा उरून. साऱ्या शहराच्या लिफ्टा चालत्या ठेवणारा माणूस, आपल्या बिनलिफ्टच्या इमारतीत सहाव्या पायरीवरच धापा टाकत बसला. भावजय औषधांची पिशवी घेऊन पुढे वर गेली होती. ताई त्याच्याशेजारी बसली. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

"एक राहिलंय रे," ती म्हणाली. "ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू पाणी पीत होतास ते मी पाहत होते. टाचेची जखमही पाहत होते. मला कळलं होतं... वर्षभर! आणि मी गप्प बसले. शपथेसाठी नाही, माझ्या लाजेसाठी."

ती त्याच्या तोंडाकडे पाहू शकली नाही. त्याने ओरडावं, हात झटकून टाकावा, असं तिला मनापासून वाटत होतं. तो मात्र श्वास जुळवत राहिला.

"मलाही कळलं होतं, ताई," शेवटी तो म्हणाला. "तुझी औषधाची चिठ्ठी मला चार वर्षांपूर्वी सापडली होती. मी वाचली आणि होती तशी ठेवून दिली. तुला विचारलं असतं, तर बायकोला सांगावं लागलं असतं. म्हणून मी... तुझी पट्टी बदलायची वेळ आली असती ना, तरीही मी दाराआडच उभा राहिलो असतो गं!"

त्याचा हुंदका छातीत अडकून खोकला झाला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या रोडावलेल्या पाठीची हाडं हाताला लागताच तिलाही रडू आवरेना. कुणीही कुणाला क्षमा केली असं म्हटलं नाही. म्हणायला तोंडच नव्हतं दोघांना.

खोकला थांबला तेव्हा तो कठड्याला धरून उठू लागला. ताईने त्याच्या काखेत खांदा दिला.

"सावकाश," ती म्हणाली. "दोन पायऱ्या, मग थांबू."