पंख्याची कुरकुर

डोळे मिटा पाहू क्षणभर. एक लांबट खोली आहे. बारा संगणक, बारा तरुण संशोधक. माणसाच्या बोलण्यावरून स्मृतिभ्रंश लवकर ओळखायला संगणकाला कसं शिकवायचं, ते ही मंडळी शिकताहेत. त्यांतल्या एका मुलीच्या जागी स्वतःला बसवा. समोर आकडा आहे : आजाराची शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के. आणि तो आवाज तुमचाच आहे!

तिनं आकडा पुन्हा वाचला. घरी तिच्या बाबांना हाच आजार होता. रुग्णांचे आवाज मुद्रित करायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा गंमत म्हणून आपलंही बोलणं तिनं तिथंच टिपलं होतं. गंमत चांगलीच अंगाशी आली होती.

"आकडेबाई, चहा?" शेजारच्यानं विचारलं. पहिल्या दिवशी त्यानं चुकून तिचा हेडफोन कानाला लावला, तेव्हापासून हा शेजार सुटला नव्हता. प्रत्येक आवाज तो शेवटपर्यंत ऐकायचा, म्हणून ती त्याला कानसेन म्हणायची; ती सतत आकड्यांत, म्हणून तो तिला आकडेबाई.

"नको."

"बरं. मग कालचं... लग्नाचं विचारलं होतं मी."

"तेही नको." तिची नजर आकड्यावरच होती. "उद्या मी तुझं नावच विसरले तर?"

"पुन्हा सांगेन. तसंही नावानं हाक कधी मारतेस?"

एरवी ती खळखळून हसली असती. आज तिनं नुसता पडदा त्याच्याकडे वळवला. त्याचा चेहरा उतरला. त्यानं हेडफोन चढवला. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"बोल ना काहीतरी!"

"शू... मागे काय कुरकुरतंय गं?"

"दवाखान्यातला पंखा. जुनाट आहे."

"रुग्णांचे सगळे आवाज कुठले?"

"तिथलेच."

"आणि धडधाकट माणसांचे?"

"इथले. या खोलीत तर पंखा—" ती बोलता बोलता थांबली.

संगणक आजार शिकलाच नव्हता. पठ्ठ्या पंखा ओळखायला शिकला होता!

"तेच वाक्य इथं म्हण," तो म्हणाला. ती म्हणाली. आकडा आला नऊ.

ती हसली, लगेच रडलीही. तो मात्र गंभीरच होता. "हा नऊही खरा नाही. हे यंत्र तुझ्याबद्दल काहीच सांगत नाहीये. वाईट नाही, तसं चांगलंही नाही."

"म्हणजे भीती आहे तिथंच."

"आहे. निम्मी मला दे."

"संध्याकाळी घरी ये," ती म्हणाली.

संध्याकाळी तो तिच्या घरी आला. खिडकीपाशी बसलेल्या बाबांनी विचारलं, "हा कोण गं?"

"सोबत शिकतो, बाबा."

असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा तिनं बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, याच्याशी मी लग्न करणार आहे."

कानसेनच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" बाबा रुसले, मग खुदकन हसले. जरा वेळानं त्यांची नजर पुन्हा त्याच्यावर अडखळली. "हा कोण गं?"

आणि लेकीनं पुन्हा सांगितलं, मघापेक्षा मोठ्यानं.